कालचं काँक्रीट, आजची परांची: विलो आयलंड कूलिंग टॉवर दुर्घटनेचा प्रकरण अभ्यास

२७ एप्रिल १९७८, गुरुवार. अमेरिकेच्या वेस्ट व्हर्जिनिया राज्यात, ओहायो नदीकाठच्या विलो आयलंड इथे औष्णिक वीजकेंद्राच्या दुसऱ्या कूलिंग टॉवरचं, म्हणजे गरम पाणी गार करायच्या मनोऱ्याचं, काम चालू होतं. टॉवर १६६ फुटांपर्यंत, म्हणजे साधारण ५१ मीटरपर्यंत चढला होता. पुरा झाल्यावर तो ४३० फूट व्हायचा होता. सकाळी दहा वाजून गेले होते. त्या दिवसाची काँक्रीटची तिसरी खेप वर ओढली जात असताना ओढणारा वायररोप अचानक ढिला पडला. माथ्यावरची गँट्री, म्हणजे काँक्रीट वर ओढायची चौकट, आतल्या बाजूला कलंडली आणि कवचाचा वरचा पट्टा सोलल्यासारखा सुटू लागला, आधी घड्याळाच्या उलट दिशेने आणि मग दोन्ही अंगांनी. त्या पट्ट्याला अडकवलेली परांचीही त्याच्याबरोबर खाली गेली. परांचीवर ५१ माणसं होती, एकही वाचलं नाही. त्यांतले कित्येक एकमेकांचे नातलग होते.

अभियांत्रिकीच्या वर्गात हे प्रकरण बहुधा ‘काँक्रीट कच्चं होतं’ या तीन शब्दांत उरकलं जातं. ते खोटं नाही. पण काँक्रीट रोजच कच्चं असतं, आणि म्हणून तर त्याच्याभोवती नियंत्रणं लावायची असतात. इथे नियंत्रणं कागदावर नव्हती असं नाही. ती सगळी एकाच खुंटीला टांगलेली होती, आणि ती खुंटी कोणी हलवून पाहिली नव्हती.

टॉवर चढत कसा होता

नैसर्गिक वाऱ्यावर चालणारा कूलिंग टॉवर म्हणजे डमरूसारखी कंबर असलेलं काँक्रीटचं पातळ कवच. खाली घेर मोठा, वर जाताना भिंत आत झुकत जाते, गळ्यापाशी सर्वांत अरुंद होते. एवढं कवच एका दमात भरता येत नाही. एक गोल पट्टा भरायचा, शटर (काँक्रीटचा साचा) सोडायचं, वर चढवायचं, पुढचा पट्टा भरायचा. अशा एका पट्ट्याला साइटवर लिफ्ट म्हणतात. इथे एका लिफ्टची उंची ५ फूट होती आणि वेग होता रोज एक लिफ्ट.

परांची जमिनीवरून उभी केलेली नव्हती. फळ्या, शटर, माणसं, काँक्रीट ओढणाऱ्या गँट्र्या हे सगळं टॉवरच्या कवचालाच बोल्टांनी धरून ठेवलेलं होतं आणि कवच वाढेल तसं वर सरकत होतं. यात मुळात काही गैर नाही. इतक्या उंचीची परांची जमिनीवरून रचत नेणं हा स्वतंत्र धोकाच झाला असता, आणि चढत्या शटरिंगच्या अशा पद्धती आजही उंच कामांत सर्रास वापरल्या जातात. फक्त एक गोष्ट मुळापासून बदलते. जमिनीवरच्या परांचीला काँक्रीट ओलं आहे की सुकं याच्याशी काही देणंघेणं नसतं. कवचाला टांगलेल्या परांचीचं सगळं आयुष्यच त्यावर असतं. काँक्रीट तिथे ‘बांधायची वस्तू’ राहत नाही, ते परांचीचा पाया होतं. पायाला जेवढी तपासणी लागते तेवढी रोज, प्रत्येक लिफ्टला लागते.

२८ वी लिफ्ट २६ एप्रिलला भरली. दुसऱ्या दिवशी सकाळी परांची वर सरकवून २९ व्या लिफ्टचं काँक्रीट सुरू झालं. म्हणजे ज्या काँक्रीटने भार घ्यायचा होता त्याचं वय जेमतेम एक दिवस होतं, आणि मधली रात्र थंडीची होती.

तपासात काय हाती लागलं

अमेरिकेच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्सने तांत्रिक तपास केला. काँक्रीट ओढायची यंत्रणा, परांचीचे सुटे भाग, पाया हे सगळं एकेक करून तपासलं. यांपैकी आधी काही तुटलं आणि त्यामुळे टॉवर पडला, असं दिसलं नाही. वायररोप ढिला पडला तो आधार खचल्यामुळे. निष्कर्ष असा निघाला की २८ व्या लिफ्टच्या काँक्रीटने पुरेशी ताकद धरण्याआधीच त्यावर बांधकामाचा भार आला.

कामगार सुरक्षेची सरकारी यंत्रणा ‘ओशा’ने काढलेल्या त्रुटी याहून पसरट आहेत, आणि सुरक्षेचं काम करणाऱ्याने खरं तर त्या जास्त लक्षपूर्वक वाचाव्यात. परांची ज्या काँक्रीटला अडकवली ते पुरेसं पक्कं झालेलं नव्हतं. साइटवर त्याची ताकद तपासली गेली नव्हती. काही बोल्ट जागेवर नव्हते, होते त्यांतले काही कमी प्रतीचे होते. वर-खाली करायला एकच शिडी होती. काँक्रीट ओढायच्या यंत्रणेत बदल केला होता, पण त्याची अभियंत्याकडून नीट तपासणी झाली नव्हती. आणि कामाला घाई होती.

वाचताना या सहा वेगवेगळ्या चुका वाटतात. भाराची वाट आखून पाहिली तर शिडी सोडून बाकी सगळ्या एकाच जागी येऊन मिळतात.

भाराची वाट

कोणत्याही टांगत्या परांचीच्या धोका-तपासणीची सुरुवात एका साध्या रेखाचित्राने व्हावी. वरचा माणूस आणि काँक्रीटची बकेट यांपासून जमिनीपर्यंत भार कुठून कुठून उतरतो, ते बाण काढून दाखवायचं. इथे तो असा उतरत होता: फळी, ब्रॅकेट, उभे बीम, बोल्ट, काल भरलेली लिफ्ट, परवाची लिफ्ट, खालचं जुनं कवच. या साखळीतला प्रत्येक लोखंडी भाग कारखान्यातून ठरलेल्या ताकदीचा येतो आणि रात्री थंडी पडली म्हणून कमजोर होत नाही. ताकद दर तासाला बदलते अशी एकच कडी आहे, ती म्हणजे कालची लिफ्ट. तपासणीचा सगळा भर तिच्यावर हवा होता. तिच्यावरच तो नव्हता.

बोल्टचं गणितही तिथेच अडकतं. काँक्रीटमधला अँकर, म्हणजे आत रुतवलेला बोल्ट, ओढला गेला की तो काँक्रीटचा शंकूच्या आकाराचा तुकडा घेऊन निघतो. त्याची धरण्याची क्षमता ढोबळमानाने काँक्रीटच्या दाबताकदीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असते, आणि अँकरच्या खोलीच्या दीडाव्या घाताच्या. ताकद पावपट असेल तर पकड साधारण निम्मी. फार कोवळ्या काँक्रीटमध्ये या सूत्रावरही भरवसा ठेवू नये, कारण तिथे लोखंडाशी धरलेली पकडच अजून तयार झालेली नसते. आता यात चारांपैकी एक बोल्ट नसेल तर उरलेल्या तिघांवरचा भार सरासरी एक तृतीयांशाने वाढतो, आणि नसलेला बोल्ट कोपऱ्यातला असेल तर शेजाऱ्यावर त्याहून जास्त. म्हणजे गायब बोल्ट आणि कच्चं काँक्रीट ही दोन वेगळी प्रकरणं नव्हेत, एकाच अँकरवर ती एकमेकांना गुणतात.

ओढायच्या यंत्रणेचंही तसंच. माथ्यावरच्या कप्पीवरून दोर जातो तेव्हा कप्पीवर बकेटचं वजन येतं आणि विंचची, म्हणजे दोर गुंडाळणाऱ्या यंत्राची, ओढही येते. नवख्यांची हमखास चूक इथे होते. समजा भरलेली बकेट १.५ टनांची आहे. दोराचे दोन्ही पदर उभे असतील तर कप्पीवर जवळजवळ ३ टन येतात, आणि विंच झटक्याने सुरू किंवा बंद केला तर त्याहूनही जास्त. एक पदर उभ्याशी ३० अंशांच्या कोनात आत ओढला असेल तर उभा भार थोडा घटतो, पण त्या बदल्यात सुमारे पाऊण टन आडवी ओढ मिळते, आणि ती पातळ कवचाला आतल्या बाजूला वाकवते. टॉवर चढतो तसा त्याचा घेर कमी होतो, त्यामुळे हा कोन प्रत्येक लिफ्टला थोडा थोडा बदलत राहतो. दोर जमिनीवर जिथे बांधलाय ती जागा चार मीटर सरकवणं साइटवर कोणाला ‘बदल’ वाटत नाही. आकडेमोडीत मात्र तो बदलच असतो. म्हणून ओढायच्या यंत्रणेत काहीही हलवलं, मग ती कप्पी असो, दोराचा कोन असो, बकेटचं माप असो किंवा विंचची जागा, तर ते आधी परांची डिझाइन करणाऱ्याकडे जावं आणि नवा भार लेखी परत यावा. तोपर्यंत बकेट भरू नये.

‘एक दिवस’ म्हणजे किती

रोज एक लिफ्ट या वेगात एक गृहीत लपलेलं आहे: चोवीस तासांत काँक्रीट पुरेसं धरतं. उबदार हवेत ते बऱ्याचदा खरं ठरतं. सिमेंट आणि पाण्याची प्रक्रिया तापमानावर चालते, घड्याळावर नाही.

याचा हिशेब करायची जुनी आणि सोपी रीत म्हणजे मॅच्युरिटी, म्हणजेच काँक्रीटचं तापमानासकट मोजलेलं वय. १९४९ ते १९५१ च्या सुमारास नर्स आणि सॉल या संशोधकांनी वाफेवर पिकवलेल्या काँक्रीटसाठी ती मांडली. काँक्रीटच्या तापमानातून एक आधार-तापमान वजा करायचं आणि तासांनी गुणायचं. आधार-तापमान म्हणजे ज्याखाली ताकद वाढणं थांबतं असं धरतात ते, पारंपरिक आकडा उणे १० अंश सेल्सियस.

हिशेब करून बघा. काँक्रीट २० तास २० अंशांवर राहिलं तर ३० गुणिले २०, म्हणजे ६०० अंश-तास. तेच काँक्रीट २० तास ४ अंशांवर राहिलं तर १४ गुणिले २०, म्हणजे २८०. निम्म्याहून कमी. पण ताकद निम्मी असेल असं समजलात तर फसाल. सुरुवातीचे काही तास काँक्रीट नुसतं सेट होत असतं, तेव्हा ताकद जवळपास शून्य असते. समजा पहिले १५० अंश-तास त्यातच गेले. मग उबदार काँक्रीटकडे ताकद कमवायला ४५० उरतात आणि गार काँक्रीटकडे १३०. तिसऱ्या हिश्शाहूनही कमी. त्या गार काँक्रीटला ६०० गाठायला २० ऐवजी ४३ तास लागतील. आधार-तापमान शून्य धरलं (काही सिमेंटसाठी तेच योग्य असतं) तर हिशेब आणखी निष्ठुर होतो: २० अंशांवरच्या २० तासांची बरोबरी करायला ४ अंशांवर १०० तास. म्हणून आधार-तापमान पुस्तकातून उचलू नये, आपल्याच मिश्रणावर प्रयोग करून काढावं.

हे आकडे विलो आयलंडच्या काँक्रीटचे नाहीत, समजण्यासाठी घेतलेले आहेत. पण त्यातून एक गोष्ट कळते. २७ लिफ्ट सुखरूप चढल्या हा २८ वी धरेल याचा पुरावा नव्हता. पद्धत तीच राहिली तरी प्रत्येक रात्र वेगळी असते. उलट २७ वेळा काही झालं नाही म्हणून विचारण्याची सवयच मोडते. किती शिल्लक आधारावर आपण उभे होतो हे कोणी मोजलेलंच नसतं, त्यामुळे ती शिल्लक एका गार रात्रीत संपली तरी कळत नाही.

क्यूबचा दाखला आणि त्याची मर्यादा

साइटवर कोणी विचारलं की ‘काँक्रीट तपासलंय का?’, तर उत्तर बहुतेक वेळा ‘हो, क्यूब काढलेत’ असं येतं. ते क्यूब, म्हणजे चाचणीसाठी त्याच काँक्रीटचे भरलेले ठोकळे, प्रयोगशाळेच्या टाकीत, ठरावीक तापमानाच्या पाण्यात सात आणि अठ्ठावीस दिवस ठेवलेले असतात. त्यावरून पुरवठादाराने ठरलं ते मिश्रण दिलं की नाही हे कळतं. वर, वाऱ्यात, पातळ भिंतीत रात्रभर गारठलेल्या काँक्रीटने सकाळी सातला किती धरलं, हे त्यातून कळणं शक्यच नाही. हा दाखला गुणवत्तेचा आहे, सुरक्षेचा नाही. एकाच कागदावर दोन्ही कामं भागवायची सवय फार जुनी आहे आणि ती अजून गेलेली नाही.

सुरक्षेसाठी लागणारे पुरावे वेगळे असतात. एक म्हणजे त्याच लिफ्टशेजारी, त्याच वाऱ्यात ठेवलेले क्यूब किंवा सिलिंडर. त्यातही गोम आहे: लहान तुकडा भिंतीपेक्षा लवकर गार होतो, आणि कोणी ‘काळजीपोटी’ तो साइट ऑफिसच्या हीटरजवळ नेऊन ठेवला तर आकडा गोड येतो. दुसरा पुरावा म्हणजे भिंतीत बसवलेले तापमानाचे सेन्सर आणि त्यांवरून काढलेली मॅच्युरिटी. तिसरा, ओढून पाहायची चाचणी: काँक्रीट भरताना धातूची चकती आत सोडायची, सकाळी ती जॅकने ओढायची आणि लागलेल्या बलावरून ताकद काढायची. ही चाचणी थेट भिंतीचीच असल्यामुळे निर्णायक प्रसंगी तिचं वजन सर्वांत जास्त.

मॅच्युरिटीचा वक्र, म्हणजे किती मॅच्युरिटीला किती ताकद हे दाखवणारा आलेख, बनवायला एएसटीएम या मानक संस्थेच्या सी १०७४ या प्रमाणित पद्धतीनुसार किमान १५ सिलिंडर लागतात, त्यांतल्या दोनमध्ये तापमानाचे सेन्सर. ते नेहमी १, ३, ७, १४ आणि २८ दिवसांना फोडतात. चढत्या परांचीसाठी एवढं पुरत नाही, कारण आपला सगळा निर्णय पहिल्या दोन दिवसांत होतो. ८, १२, १६, २४, ३६ आणि ४८ तासांना फोडलेले बिंदू हातात हवेत. नाहीतर वक्राचा जो भाग वापरायचा, तोच अंदाजाने ओढलेला असतो.

आणि मॅच्युरिटी आंधळी असते हे विसरू नये. तिला फक्त तापमान दिसतं. ट्रकवाल्याने खाली जास्तीचं पाणी मारलं, सिमेंटचा प्रकार बदलला, सेट होणं लांबवणाऱ्या रसायनाचा डोस दुप्पट पडला, तर मॅच्युरिटी त्याच आत्मविश्वासाने चुकीचा आकडा सांगेल. म्हणून एकट्या मॅच्युरिटीवर परांची कधी सोडू नये, तिच्या जोडीला एक तरी चाचणी अशी हवी ज्यात काँक्रीट प्रत्यक्ष तुटतं किंवा ओढलं जातं.

हेच काम नियंत्रणात कसं चालेल

सर्वांत वरचं नियंत्रण म्हणजे कोवळ्या लिफ्टवर भारच न टाकणं. ब्रॅकेटचे पाय लांब करून मुख्य अँकर एक लिफ्ट खाली, म्हणजे परवाच्या काँक्रीटमध्ये घेतले तर तोच वेग ठेवूनही भार घेणारं काँक्रीट एका दिवसाने जुनं होतं. काँक्रीट ओढायचं काम मधोमध उभ्या केलेल्या स्वतंत्र टॉवरक्रेनला दिलं तर बकेटचा झटका कवचावर येतच नाही. हे निर्णय महाग असतात आणि ते निविदेआधी, डिझाइनच्या टेबलावरच होऊ शकतात. काम अर्धं चढल्यावर सुरक्षा अधिकाऱ्याने मागितले तर मिळत नाहीत, आणि त्यात त्याचा दोष नसतो.

ते जमलं नाही तर उरतो थांबा, म्हणजे जिथे लेखी परवानगीशिवाय पुढचं पाऊल पडत नाही अशी जागा. तो नुसता फॉर्म राहू नये यासाठी त्याला आकडा लागतो. डिझाइनरने ड्रॉइंगवरच लिहायला हवं: अमुक अँकरभोवतीचं काँक्रीट किमान इतक्या मेगापास्कलचं (मेगापास्कल हे ताकद मोजायचं एकक) झाल्याशिवाय शटर हलवायचं नाही. ‘पुरेशी ताकद आल्यावर’ असं लिहिलेलं ड्रॉइंग परत पाठवावं. आकडा नसलेल्या अटीवर सकाळी साडेसहाला, पंचवीस माणसं चढायच्या तयारीत असताना, कोणीही ‘नाही’ म्हणू शकत नाही.

समजा ड्रॉइंगवर ७ मेगापास्कल लिहिलंय. मग दिवस असा चालेल. लिफ्ट भरतानाच घेरावर किमान चार जागी सेन्सर सोडायचे. त्यांतला एक सावलीच्या, वाऱ्याच्या बाजूला आणि एक सगळ्यांत शेवटी भरलेल्या भागात हवाच, कारण गोल पट्ट्याचं एक टोक दुसऱ्याहून चार-पाच तासांनी कोवळं असतं आणि ठरवणारा आकडा तिथलाच. सेन्सर पृष्ठभागाला चिकटवायचा नाही, अँकर जिथे पकड घेतो त्या खोलीवर सळईला इन्सुलेशन घालून बांधायचा. रात्री दर अर्ध्या तासाला नोंद आपोआप व्हावी. पहाटे सर्वांत कमी वाचन उचलायचं, सरासरी नाही. वक्रावरून ताकद ७ च्या पुढे दिसली तर त्याच कोवळ्या भागात ओढून पाहायची चाचणी करायची. दोन्ही जुळले तर बोल्टची मोजणी. प्रत्येक ब्रॅकेटवर किती हवेत, किती आहेत, डोक्यावर प्रतीची खूण कोणती, टॉर्क (आवळणीचा जोर) किती. नमुन्यादाखल मोजणी इथे चालत नाही, सगळे बोल्ट मोजायचे. त्यानंतरच सही.

सही कोणाची, यावर वाद घालायला वेळ द्यावा. ज्याचं बिल लिफ्टच्या संख्येवर निघतं त्याची नको. काँक्रीट पुरवणाऱ्याची नको. प्रयोगशाळेचा माणूस आकडा देतो, पण भार किती येणार हे त्याला माहीत नसतं, त्यामुळे त्याचीही एकट्याची नको. विलो आयलंडनंतर एकाहून जास्त कंपन्यांवर ठपका आला. कामाचे तुकडे असे वाटलेले असले की प्रत्येकाला आपला तुकडा ठीक दिसतो, आणि ‘आज ही लिफ्ट भार घेईल का’ हा प्रश्न कोणाच्याच तुकड्यात पडत नाही. म्हणून तात्पुरत्या कामांसाठी, म्हणजे शटरिंग, परांची, टेकू यांसाठी, एक नाव ठरवून ठेवायचं आणि नाही म्हणायचा अधिकार त्याच नावाला द्यायचा.

आकडा आला नाही तर? हा प्रश्न आधीच सोडवून ठेवलेला हवा, कारण त्या क्षणी सगळे एकमेकांकडे बघतात. थांबायचं आणि दोन तासांनी पुन्हा वाचायचं, हा पहिला पर्याय. रात्रीचं तापमान उतरणार असं आदल्या दुपारीच दिसलं तर शटरवर इन्सुलेशनची ब्लँकेट, गरम पाण्यातलं मिश्रण, चालणारं असेल तर वेग वाढवणारं रसायन. रसायन घातलं की वक्र नवा लागतो, जुना वापरता येत नाही. भार निम्मा करून चढवू, कमी माणसं पाठवू, असल्या तडजोडी मात्र डिझाइनरच्या आकड्याशिवाय करू नयेत. ती तडजोड बहुधा साइटवर तोंडी ठरते आणि तोंडीच विसरली जाते.

प्रत्यक्षात हे नियंत्रण कुठे सडतं, तेही ठाऊक असलेलं बरं. सेन्सरची वायर व्हायब्रेटरने तुटते, मग चारांतले दोनच चालू राहतात आणि ते नेमके उन्हाच्या बाजूचे असतात. पहाटेची सही आदल्या संध्याकाळीच होऊन जाते. सलग दहा दिवस आकडा दुप्पट आला की अकराव्या दिवशी वाचन ‘औपचारिकता’ होतं. यावर उपाय कंटाळवाणा आहे: ज्या दिवशी सेन्सर तीनपेक्षा कमी चालू असतील त्या दिवशी आपोआप थांबा, आणि महिन्यातून एकदा बाहेरच्या माणसाने सहीची वेळ आणि वाचनाची वेळ शेजारी शेजारी ठेवून बघणं.

हार्नेस आणि एकुलती शिडी

अशा प्रकरणावर चर्चा झाली की कोणीतरी विचारतंच, हार्नेस होते का? उंचीवरच्या कामात हार्नेस, म्हणजे अंगावर बांधायचा सुरक्षापट्टा, हवाच. पण तो ज्याला अडकवायचा ती गोष्टच खाली जात असेल तर पट्टा माणसाला परांचीसकट नेतो. इथे परांची आणि ती धरणारं काँक्रीट एकत्र गेलं. एका कारणाने मुख्य आधार आणि बचावाचा आधार दोन्ही निकामी होत असतील तर ती दोन नियंत्रणं मोजू नयेत, ते एकच आहे. लाइफलाइन बांधायची तर ती खालच्या, आठवडाभर जुन्या लिफ्टमधल्या स्वतंत्र अँकरला, नाहीतर स्वतंत्र क्रेनच्या मास्टला. हे प्रत्येक ठिकाणी जमत नाही. जमत नसेल तर धोका-तक्त्यात हार्नेसच्या नावावर धोका कमी झाल्याचा आकडा लिहू नये, एवढा प्रामाणिकपणा तरी हवा.

एकाच शिडीचं तसंच. काही सेकंदांत सगळा पट्टा सुटला तिथे दुसरी शिडी असती तर ५१ जण वाचले असते, असं म्हणणं धाडसाचं ठरेल. पण आधार हळूहळू खचतो, आग लागते, कोणी वर कोसळतं, अशा प्रसंगी घेराच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या माणसाला अर्धं वर्तुळ पळत यावं लागणं म्हणजे बाहेर पडायची वाट नसल्यासारखंच. गोल परांचीवर समोरासमोर दोन वाटा ही किमान गरज. दोन्ही एकाच गँट्रीजवळ नकोत.

नंतर काय झालं

ओशाच्या ठपक्यांवर शेवटी ८५,५०० डॉलरच्या दंडावर तडजोड झाली. भागाकार ज्याचा त्याने करावा.

तांत्रिक बाजूने मात्र यातून बरंच घडलं. पाच वर्षांपूर्वी, २ मार्च १९७३ ला व्हर्जिनियातल्या बेलीज क्रॉसरोड्स इथे बहुमजली इमारतीचे टेकू वेळेआधी काढल्याने १४ जण मेले होते. तिथेही नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्सने तपास केला होता आणि तिथेही प्रश्न कोवळ्या काँक्रीटचाच होता. या दोन तपासांमुळे जागेवरच्या काँक्रीटची कोवळ्या वयातली ताकद मोजण्याच्या संशोधनाला जोर आला आणि १९८७ मध्ये मॅच्युरिटीची प्रमाणित पद्धत एएसटीएम सी १०७४ या नावाने आली. १९८८ मध्ये ओशाने काँक्रीट कामांचे नियम सुधारले. त्यांनुसार काँक्रीट स्वतःचं वजन आणि त्यावर येणारा भार पेलण्याइतकं झालं आहे हे ठरवल्याशिवाय शटर आणि टेकू काढता येत नाहीत. हे ठरवायचे दोन मार्गही त्यात दिले आहेत: ड्रॉइंगमध्ये आणि स्पेसिफिकेशनमध्ये लिहिलेल्या अटी पाळल्या गेल्या आहेत, किंवा प्रमाणित चाचणीने ताकद सिद्ध झाली आहे.

‘त्यावर येणारा भार’ हे नियमातले शब्द वाचताना डोळा सहसा स्लॅबवर रचलेल्या विटांकडे आणि सळयांच्या ढिगाकडे जातो. चढत्या शटरिंगमध्ये तो भार वरून ठेवलेला नसतो, बाजूने टांगलेला असतो, आणि डेड लोड (बांधकामाचं स्वतःचं वजन), लाइव्ह लोड (माणसं, सामान यांचा बदलता भार) यांच्या नेहमीच्या तक्त्यात त्याला रकाना नसतो. तो रकाना शटरिंगच्या ड्रॉइंगवर हाताने आखावा लागतो: अँकर क्रमांक, त्यावरचा उभा भार, आडवी ओढ, त्या क्षणी काँक्रीटचं किमान वय नव्हे तर किमान ताकद, आणि ती मोजायची जागा.